उन्हाची वाट पाहण्याची फी

सहा मिनिटांत काय काय होतं? कुकरची शिट्टी होते. चहा उकळून कपात येतो. एखादी आई फोनवर रडायला लागते, रडू आवरते आणि "सॉरी" म्हणून फोन ठेवते. अमेरिकेत वकिलाच्या तासाचे दहा तुकडे करतात, सहा-सहा मिनिटांचे, आणि माझी सगळी नोकरी हे तुकडे वाचण्यात गेली. "आरोपीच्या आईचा फोन : पॉइंट वन." पॉइंट वन म्हणजे असा एक तुकडा; बिलात एवढंच लिहिलेलं असायचं. ते वाचून मी पुढच्या ओळीवर जायला हवं होतं, पण माझं मन तिथेच रेंगाळायचं. ही बाई फोन धरून कुठे उभी असेल, ओट्याशी की पार्किंगमध्ये गाडीत? तिने काय विचारलं असेल? तोवर खिडकीबाहेर बर्फ भुरभुरायला लागलेला असायचा आणि टेबलावरचा बिलांचा ढीग तसाच असायचा.

"तुला पगार बिलं तपासायचा देतात की तंद्री लावायचा?" असं माझा नवरा विलास विचारायचा. तो गाड्यांच्या कंपनीतला इंजिनियर. त्याच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला आलो. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात काही वर्षं काळा कोट घालून हिंडलेली होते, पण तिथली सनद इथे चालत नाही. पुन्हा परीक्षा द्यायचा धीर झाला नाही. मग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात ही जागा निघाली, सरकारने नेमलेल्या वकिलांची बिलं तपासण्याची. वकिली करता आली नाही, निदान वकिलांच्या मागे लागता येईल, असं म्हणून मी अर्ज केला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खिडकीशी बसले.

हे काम नेमकं काय, असं मला मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी विचारतं. मागे अनघाने विचारलं होतं. ही पुण्याची मुलगी, आयटीत आहे, हुशार आहे. म्हणाली, "काकू, आय मीन, त्याने खरंच चोरी केली असेल, तर त्याच्या वकिलाचं बिल आपल्या टॅक्समधून का पे करायचं?" मी तिला म्हटलं, "अगं, त्याने केली की नाही हे ठरवायलाच तर वकील लागतो. आधी ठरवायचं आणि मग वकील द्यायचा, म्हणजे वरातीमागून घोडं." तिला ते पटलं की रांग पुढे सरकली म्हणून ती गप्प बसली, कोण जाणे.

तर काम असं. तुरुंगात जाण्याची वेळ आलेल्या माणसाकडे पैसे नसतील, तर त्याला सरकारने वकील द्यायचा, हा इथला कायदा. काही ठिकाणी त्यासाठी पगारी वकील असतात. आमच्या काउंटीत खासगी वकिलांची यादी होती. पाळीपाळीने त्यांच्याकडे खटले जायचे आणि केलेल्या कामाचं बिल आमच्याकडे यायचं. तासाचा दर ठरलेला, आणि तोही पैसेवाल्या अशिलाकडून हेच लोक जे घेतात त्याच्या मानाने फारच कमी. प्रत्येक प्रकारच्या खटल्याला तासांची एक मर्यादा. तिच्यावर गेलात तर कारण द्या. मी ओळ न् ओळ वाचायची आणि दोनच प्रश्न विचारायचे, हा वेळ वाजवी आहे का आणि आवश्यक आहे का. नसेल तर खोडायचा आणि का खोडला ते लिहायचं. वकिलाला पटलं नाही तर तो आमच्या साहेबबाईंकडे, डॉनाकडे, दाद मागायचा. तिथेही मिटलं नाही तर न्यायाधीशांपुढे. पैसे काउंटीचे, म्हणून काउंटीचा स्वतःचा वकील तिथे उभा राहून 'फार झाले' असं म्हणायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही माणसं दुसऱ्यांसाठी रोज चढायची आणि कधीकधी स्वतःच्या फीसाठीसुद्धा.

यातली खरी गोम अशी, की वकिलाने बिलात काय केलं ते लिहायचं, पण अशील काय बोलला ते लिहायचं नाही. ते गुपित. बिल काउंटीत दहा हातांतून जातं, सरकारी वकिलाच्या कानावर जायला वेळ लागत नाही. त्यामुळे बिलाची भाषा मोघम असते. "आरोपीशी चर्चा." "कागदपत्रांचा अभ्यास." बंद दारापलीकडचं बोलणं ऐकू यावं पण शब्द कळू नयेत, तसं ते वाचायचं. माझ्यासारख्या तंद्रीबाईला यापेक्षा चांगलं काम मिळालं नसतं.

नमुनेही भेटले. एकाचा दिवस चोवीस तासांहून मोठा निघाला. कोर्टात तीन खटल्यांचा पुकारा व्हायची वाट पाहत तो बसला होता आणि तो वेळ त्याने तिन्ही बिलांत लावला होता. विचारलं तर निरागसपणे म्हणाला, "पण मी तिघांसाठीही वाट पाहत होतो." दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, "आंघोळ करताना खटल्याचा विचार : पॉइंट थ्री." मी सबंध सकाळ त्यावर घालवली. विचार करणं हे वकिलाचं काम आहे, त्याचे पैसे द्यायला हवेत. आंघोळ मात्र त्याची स्वतःची. शेवटी मी पॉइंट टू ठेवले आणि पॉइंट वन आंघोळीचे म्हणून खोडले. तो गृहस्थ पुढे कधीही भेटला की म्हणायचा, माझे साबणाचे पैसे तुमच्याकडे बाकी आहेत. एक वकीलबाई तुरुंगापर्यंत ड्राइव्ह करण्याचा वेळ कधीच लावायच्या नाहीत. मी फोन करून विचारलं तर म्हणाल्या, वाटेत मी गाणी ऐकते, त्याचे पैसे घ्यायला लाज वाटते. मी त्यांना तो वेळ लावायला लावला. खोडण्याचं काम करणाऱ्या बाईने वाढवून दिल्याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

वॉल्टर हा यादीतला सगळ्यात जुना वकील. आडवा बांधा, दुखरे गुडघे, डोक्यावर विणलेली टोपी. बिलाबद्दल भांडायला ईमेल न पाठवता स्वतः यायचा, माझ्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा आणि पहिली काही मिनिटं बाहेरच बघायचा. 'देवपुजारी' हे आडनाव अमेरिकन जिभांवर टिकलं नाही, त्यामुळे मी सगळ्यांची मिस डी होते, पण वॉल्टरने निदान एकदा पूर्ण म्हणून पाहिलं होतं. त्याची बिलं लांबलचक असत. डॉना त्यांना कादंबऱ्या म्हणायची. पण त्यात लबाडी सापडली नाही कधी. मला त्याची बिलं आवडायची, हे सरळ सांगते.

एका हिवाळ्यात त्याच्याकडे कोडी नावाच्या मुलाचा खटला आला. विशीतला पोरगा, तळ्याजवळच्या टायरच्या दुकानात काम करणारा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एका निरभ्र संध्याकाळी, त्या भागात बसमधून उतरलेल्या एका आजींना कुणीतरी ढकललं आणि त्यांची पर्स घेऊन पळालं. आजींचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना चोर दिसलाच नाही, धक्का मागून बसला होता. पण बसथांब्याच्या बाकावर एक माणूस बसला होता. तो म्हणाला, चोर माझ्याच दिशेने पळत आला, मी त्याचा चेहरा पाहिला. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून त्याने कोडीला ओळखलं. टायरच्या दुकानाचं जाकीटही जुळलं. कोडी म्हणत होता, मी घरी झोपलो होतो. आई कामावर, त्यामुळे ते सांगायला कुणी नाही. म्हाताऱ्या बाईला इजा झालेली, म्हणजे शिक्षा लांबलचक होणार. पंचविशी, तिशी तुरुंगातच गेली असती पोराची. बिलांत त्याच्या आईच्या फोनचे पॉइंट वन सारखे येत होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बिल आलं आणि मी थबकले. "घटनास्थळी निरीक्षण, बाक : वन पॉइंट टू." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पान उलटलं तरी तेच. साठीतला, गुडघे धरून चालणारा माणूस मिशिगनच्या थंडीत रोज संध्याकाळी तासाच्या वर बाकावर बसून होता आणि त्याचे पैसे मागत होता. त्याआधी त्याने तपासनीस मागितला होता, म्हणजे वकिलासाठी फोटो काढणारा, माणसांना भेटणारा माणूस. त्याचे अगदी थोडे तास आमच्या ऑफिसने मंजूर केले होते. जास्त मागितले तर नियमावर बोट ठेवलं होतं.

डॉनाने त्या ओळींभोवती लाल वर्तुळ काढलं. "हा तिथे काय करतोय, बदकांना दाणे टाकतोय?" तळं गोठलेलं होतं, बदकं केव्हाच दक्षिणेला गेली होती, पण तिचा मुद्दा मला कळला. मी वॉल्टरला खुलासा मागितला. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, आत्ता सांगता येत नाही, खटला झाल्यावर सांगेन. आमचा नियमही एका ओळीचाच होता, खुलासा नाही तर फी नाही.

मी ते बिल खोडायला घेतलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं आणि पुन्हा ठेवलं. माझी खिडकी पश्चिमेची. आमच्याकडे फेब्रुवारीत आकाश म्हणजे पातेल्यावरचं झाकण. दिवसचे दिवस सूर्य नावाचं काही आहे याची आठवण राहत नाही. राखाडी उजेड येतो, राखाडी उजेड जातो. त्या उजेडाकडे पाहत मी वॉल्टरला बाकावर बसलेला बघायचे. टोपी, मफलर, हात खिशात. तो काय बघत असेल? की काही बघत नसेल, वाट पाहत असेल? कुणाची?

मग मला दिसलं की बाकाच्या ओळी एका तारखेला एकदम थांबल्या होत्या आणि त्याच तारखेला तपासनीसाच्या बिलात "छायाचित्रं" असं आलं होतं. ती संध्याकाळ माझ्या लक्षात होती. झाकण जरासं सरकलं होतं आणि खालून ऊन आलं होतं. सगळं ऑफिस नारिंगी झालं होतं. आम्ही कामं टाकून खिडकीशी उभ्या राहिलो होतो, डॉनासुद्धा. म्हणजे वॉल्टर उन्हाची वाट पाहत होता. तपासनीसाचे मोजके तास ढगाळ संध्याकाळी वाया जाऊ नयेत म्हणून तो स्वतः राखण करत होता आणि ऊन पडल्याबरोबर त्याने त्याला बोलावून घेतलं होतं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातला प्रकार.

पण गुन्हा नोव्हेंबरमधला, मग फेब्रुवारीतल्या उन्हाचं काय? मी घरी गेल्यावर खटल्याचं नाव न काढता विलासला विचारलं, की नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य जिथे मावळतो, तिथे तो पुन्हा कधी मावळतो? तो संत्रं सोलत होता. म्हणाला, "काय विचारून राहिली तू हे? डिसेंबरमध्ये तो मागे फिरतो. जितकं आधी, तितकंच नंतर. फेब्रुवारीची सुरुवात पकड." आणि अर्ध्या सोललेल्या संत्र्याभोवती त्याने मला चमचा फिरवून दाखवला.

पुढचं मी करायला नको होतं. बिल तपासणाऱ्याने घटनास्थळी जाऊ नये, ते आमचं काम नव्हे. पण शनिवारी मी विलासला म्हटलं, चल, तळ्यावर जाऊ. पहिल्यांदा गेलो तर नुसते ढग. मी बाकावर बसले, थंडीने पाय बधिर झाले, परत आलो. रविवारी पुन्हा गेलो. गाडीत बसताना विलासने आणखी एक शाल मागच्या सीटवर टाकली.

त्या संध्याकाळी ऊन पडलं. बाकासमोरून रस्ता उतरत थेट तळ्यापर्यंत जातो आणि त्याच्या बरोबर टोकाला, गोठलेल्या तळ्यावर टेकल्यासारखा, सूर्य होता. बर्फ पेटला होता. दुकानांच्या काचा पेटल्या होत्या. मला हात डोळ्यांवर धरावा लागला. सगळं इतकं शांत आणि इतकं सोनेरी, की मी कशासाठी आले आहे हेच विसरले. नागपूरच्या आमच्या गच्चीवरच्या संध्याकाळी आठवल्या, तिथे वाळत घातलेल्या साड्यांमधून असंच ऊन यायचं. तळ्याकडून माणसं वर येत होती. माणसं कसली, काळ्या आकृत्या, कडांना सोनं लागलेल्या. बाई की पुरुष, तेसुद्धा चालीवरून ओळखायचं. त्यांतली एक आकृती सरळ माझ्याच दिशेने यायला लागली. धिप्पाड, खांदे वर केलेले, हातात काहीतरी. मी थोडी घाबरले. पर्स जवळ ओढली. ती आकृती अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली, तिची सावली माझ्या तोंडावर पडली आणि ती म्हणाली, "कॉफी घे. काळी पडलीस थंडीने."

चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या नवऱ्याला मी ओळखलं नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि हसायला लागले. मग डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं उन्हाने आलं.

सोमवारी मी बाकाचे सगळे तास मंजूर केले. कारणाच्या जागी लिहिलं, "वाजवी आणि आवश्यक." डॉनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिने बिल अडवलं नाही, पण काउंटीच्या वकिलाने अडवलं आणि प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं.

फीचे वाद उघड्या कोर्टात चालतात. त्या दिवशी दुसऱ्या रांगेत, आपल्या दुसऱ्या एका खटल्याचा पुकारा व्हायची वाट पाहत, कोडीवर खटला चालवणारा सरकारी वकीलच बसला होता. वॉल्टरने त्याला पाहिलं आणि मीही पाहिलं. तपासनीसाने काढलेले फोटो नियमाप्रमाणे खटल्याआधी त्यांना द्यायचे होतेच, पण तो दिवस लांब होता. बाकावर काय पाहिलं ते आज बाहेर पडलं असतं, तर साक्षीदाराची तयारी करून घ्यायला त्यांना सबंध वसंत ऋतू मिळाला असता. वॉल्टरने बंद दाराआड ऐकून घ्यायची विनंती केली. न्यायाधीश म्हणाले, लोकांचा पैसा आहे, दार उघडंच राहील. मग निदान खटला होईपर्यंत थांबा, असं वॉल्टर म्हणाला. तेही नियमात बसत नव्हतं.

न्यायाधीश वाईट नव्हते. थकलेले होते. त्यांनी मला उभं केलं.

"तुम्ही हे तास मंजूर केलेत. ते आवश्यक होते, असं तुम्हाला का वाटतं?"

मला सगळं दिसत होतं. सूर्य, रस्ता, कडांना सोनं लागलेला विलास. एका वाक्यात सांगता आलं असतं. दुसऱ्या रांगेतला तो तरुण सरकारी वकील मान वर करून ऐकत होता.

"मला सांगता येणार नाही, युवर ऑनर," मी म्हटलं. "पण ते आवश्यक होते."

काउंटीचा वकील हसला. न्यायाधीशांनी बाकाचे सगळे तास खोडले. पॉइंट वनसुद्धा ठेवला नाही.

बाहेर वऱ्हांड्यात वॉल्टर भिंतीला टेकून उभा होता. त्याने हळूच विचारलं, "तुम्ही तिथे गेला होतात?" मी मान हलवली. "ऊन होतं?" मी म्हटलं, होतं. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू निकाल त्याच्याच बाजूने लागला होता. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही," असं म्हणून तो गुडघा धरत जिना उतरून गेला.

मे महिन्यात खटला उभा राहिला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. साक्षीदार म्हणजे शाळेच्या बसचा एक निवृत्त ड्रायव्हर, साधा, प्रामाणिक माणूस. खोटं बोलायला आलेला नव्हता तो. आपण चेहरा पाहिला असं त्याला मनापासून वाटत होतं. वॉल्टरने त्याच्याशी आवाज चढवला नाही. किती वेळ बसला होतात, तोंड कुठे होतं, बस कुठून येणार होती, असं निवांत विचारत राहिला. मग त्याच्या हातात फोटो दिला. त्याच बाकावरून, तेवढाच खाली आलेला सूर्य असताना काढलेला. तळ्याकडून एक माणूस येतोय.

"हा माणूस ओळखता येतो का?" वॉल्टरने विचारलं.

त्या म्हाताऱ्याने फोटो जवळ धरला, लांब धरला. "नाही," तो शेवटी म्हणाला. मग कुणी न विचारताच, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "जाकीट पाहिलं होतं मी. मला वाटतं, मी जाकीटच पाहिलं होतं."

फोटोतला माणूस कोण, ते दुपारी तपासनीसाने शपथेवर सांगितलं. तो वॉल्टर होता. साक्षीदार सकाळभर त्याच्याशीच बोलत होता. ज्यूरीतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवलेला मला आठवतो.

कोडी सुटला. बाहेर त्याची आई किराणा दुकानाचा गणवेश घालूनच उभी होती, कामावरून तशीच आलेली. तिने वॉल्टरच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती, सोडतच नव्हती. ठेंगणी बाई, केस करडे. मी तिला कितीतरी महिने सहा-सहा मिनिटांनी ओळखत होते आणि कल्पनेत ती मला उंच दिसायची. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे पाहून हसतात तशी हसली आणि मुलाच्या मागे चालू लागली. माझ्या नोकरीत इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या दिवशी झाला नाही.

आता गुपित उरलं नव्हतं. वॉल्टरने सगळा खुलासा करून फीसाठी पुन्हा अर्ज केला. न्यायाधीशांनी तो वाचला आणि भल्या शब्दांत लिहिलं, की हे तास सत्कारणी लागले हे आता दिसतं, पण एकदा निकाल दिलेलं बिल पुन्हा उघडता येत नाही.

त्यानंतर वॉल्टर एकदाच ऑफिसात आला. खुर्ची ओढून खिडकीशी बसला. तळी वितळली होती, झाडं हिरवी झाली होती. यादीतून नाव काढायचं पत्र त्याने माझ्यासमोर ठेवलं. मी रागावून काहीबाही बोलले, डॉनाला, काउंटीला, नियमांना. तो ऐकत राहिला.

"मी रागावलेलो नाही, मिस डी," तो म्हणाला. "हिशेब केला. असे खटले मला परवडत नाहीत, आणि दुसऱ्या तऱ्हेने लढवायला मला येत नाही."

मी त्याला थांब म्हणू शकले नाही. थांब म्हणायला माझ्याकडे होतं काय? मी पत्रावर आल्याच्या तारखेचा शिक्का मारला, मग तो उठून गेला.

वॉल्टरच्या बाकाचं काय झालं हे यादीतल्या सगळ्यांना कळलं होतं. हळूहळू बिलं बदलली. लांब ओळी आखूड झाल्या. "घटनास्थळी निरीक्षण" हे शब्द तर जवळजवळ दिसेनासे झाले. तक्रारी घटल्या, न्यायाधीशांकडे जाणारे वाद घटले, आणि खर्च आटोक्यात आणल्याबद्दल काउंटीने डॉनाचं कौतुक केलं. तिने त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना केक आणला होता. मी तो खाल्ला. चांगला होता.

शरद ऋतूत यादीतल्या एका नव्या वकिलाचं बिल आलं. एकोणीस वर्षांचा आरोपी, पेट्रोल पंपावरची लूट, एकच साक्षीदार आणि त्याने चेहरा पाहिल्याचं सांगितलेलं. वकील तरुण, हुशार, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. वाईट माणूस मुळीच नव्हता. त्याचं बिल एका पानाच्या आत संपलं होतं. आरोपीशी व्हिडिओवर चर्चा, पॉइंट थ्री. पोलिसांचे कागद वाचले, वन पॉइंट वन. सरकारी वकिलाशी बोलणी, पॉइंट फोर. आरोपीने गुन्हा कबूल केला, त्या दिवशीची हजेरी, पॉइंट सिक्स. आईचा फोन कुठेच नव्हता. मी तो शोधला. कदाचित त्या पोराला आईच नसेल, कदाचित आईकडे फोन नसेल, कदाचित ती करत असेल आणि कुणी उचलत नसेल.

मी ते बिल घेऊन डॉनाकडे गेले. म्हटलं, जास्त का लावलं हे आपण रोज विचारतो. इतकं कमी का, हे विचारता येईल का? तिने बिल वाचलं, सावकाश, दोनदा. मग खिडकीकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी तिलाही सगळं दिसत होतं.

"त्यासाठी आपल्याकडे नियम नाही," ती म्हणाली.

मी जागेवर आले. दर बरोबर होता, बेरीज बरोबर होती, मर्यादेच्या कितीतरी आत होतं. मी बराच वेळ ते पुढ्यात घेऊन बसले. तो मुलगा खरा गुन्हेगार होता की नव्हता, मला माहीत नाही. आता कुणालाच कधी कळणार नाही. पेन उचललं आणि सही केली, कारण त्या बिलात खोडण्यासारखं काहीच नव्हतं.